मात्रा: स्ट्रेप्टोमायसिन, क्षयाचा जंतू आणि माणसाचा कान

#थ्रेड #इतिहास #वैद्यकाचा_इतिहास

१/ एखादा उपाय फळाला आला की मराठीत 'मात्रा लागू पडली' असे म्हणतात. या एकाच शब्दात औषधही आहे आणि औषधाचे प्रमाणही. प्रतिजैविकांचा इतिहास मात्र बहुधा पहिल्या अर्थानेच सांगितला जातो: लंडनची प्रयोगशाळा, उघडी राहिलेली बशी, त्यावर उगवलेली बुरशी आणि मग चमत्कार. या थ्रेडचा विषय दुसरा अर्थ आहे. औषध किती द्यायचे, किती वेळा, किती दिवस? आणि चुकले तर शरीराचा कोणता भाग किंमत मोजतो?

२/ सुरुवात क्षयापासून. २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा दंडाणू शोधल्याचे जाहीर केले. शत्रू ओळखला गेला, पण शस्त्र नव्हते. त्यानंतर पाचच वर्षांनी, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, डॉ. आनंदीबाई जोशी पुण्यात क्षयाने गेल्या. वय अवघे २१. फिलाडेल्फियाहून वैद्यकाची पदवी घेऊन आलेल्या या डॉक्टरकडे स्वतःच्या आजारावर देण्याजोगे एकही औषध नव्हते. जगातल्या कोणत्याच डॉक्टरकडे नव्हते. कॉख यांच्या घोषणेपासून पहिल्या रुग्णाला परिणामकारक औषध टोचले जाईपर्यंत ६२ वर्षे गेली.

३/ अडचण जंतू मारण्याची नव्हती. कार्बोलिक आम्लाने जंतू मरतात, पण ते शिरेत सोडले तर रोगीही मरतो. जर्मन संशोधक पॉल एर्लिख यांनी प्रश्न नेमका मांडला: जंतूला घातक पण यजमानाला सोसवेल असे रसायन सापडेल का? उपदंशावरचे त्यांचे साल्वारसान १९१० मध्ये बाजारात आले. त्यात आर्सेनिक होते, म्हणजे विष होतेच, फक्त जंतूकडे थोडे अधिक झुकलेले. औषधाची जंतूनाशक मात्रा आणि रोग्याला सोसवणारी मात्रा यांतले अंतर किती, हीच त्या औषधाची खरी किंमत, हा विचार एर्लिख यांच्यापासून रूढ झाला.

४/ पेनिसिलिनमध्ये हे अंतर विलक्षण मोठे निघाले. कारण जंतूच्या रचनेत आहे. जीवाणूभोवती एक कणखर पेशीभित्ती असते. तिचे धागे एकमेकांत गुंफून ती पक्की होते. पेनिसिलिन हे गुंफण्याचे कामच बंद पाडते. वाढणाऱ्या जीवाणूची भिंत कच्ची राहते आणि आतल्या दाबाने तो फुटतो. माणसाच्या पेशीला अशी भिंतच नसते. त्यामुळे पेनिसिलिनला आपल्या शरीरात तोडण्याजोगे फारसे काही सापडत नाही. काहींना त्याची तीव्र ॲलर्जी होते आणि ती जीवघेणीही ठरू शकते. पण तो प्रतिकारशक्तीचा उद्रेक आहे, औषधाच्या मुख्य घावाचा परिणाम नव्हे.

५/ हे सारे १९४१ मध्ये ठाऊक नव्हते. ऑक्सफर्डमध्ये हॉवर्ड फ्लोरी आणि अर्न्स्ट चेन यांच्या गटाने उंदरांवर यश मिळवले होते, पण माणसाला ते सोसेल का? जानेवारी १९४१ मध्ये कर्करोगाच्या अंतिम अवस्थेतील एका स्त्रीने ही चाचणी स्वतःवर करून घ्यायला संमती दिली. तिला या औषधाचा काहीच लाभ होणार नव्हता. इंजेक्शननंतर तिला हुडहुडी भरली, ताप चढला. दोष पेनिसिलिनचा नव्हता, त्यात उरलेल्या अशुद्ध द्रव्यांचा होता. अर्क अधिक शुद्ध करण्यात आला. मात्रेच्या इतिहासातला हा पहिला धडा: औषधाचा विषारीपणा आणि औषधातल्या मळाचा विषारीपणा वेगळे मोजावे लागतात.

६/ दुसरा धडा अधिक क्रूर होता. १२ फेब्रुवारी १९४१ रोजी अल्बर्ट अलेक्झांडर या ४३ वर्षांच्या पोलीस शिपायाला पेनिसिलिन देण्यास सुरुवात झाली. चेहऱ्यावरचा संसर्ग पसरून त्याचा एक डोळा काढावा लागला होता. आधी २०० मिलिग्रॅम, मग दर तीन तासांनी १०० मिलिग्रॅम. एका दिवसात ताप उतरू लागला, भूक परतली. पण जगातला जवळजवळ सगळा साठा याच रुग्णालयात होता आणि तो संपत आला होता. त्याचे मूत्र गोळा करून प्रयोगशाळेत नेले जाई, त्यातून पेनिसिलिन पुन्हा काढले जाई आणि तेच परत टोचले जाई. तरीही औषध संपले. संसर्ग उलटला आणि १५ मार्चला तो मरण पावला.

७/ मूत्रातून औषध परत मिळवता येत होते, यातच अपयशाचे कारण दडलेले होते. मूत्रपिंडे पेनिसिलिन झपाट्याने बाहेर टाकतात. रक्तातली पातळी ठरावीक रेषेखाली गेली की उरलेले जंतू पुन्हा वाढू लागतात. अमेरिकी संशोधक हॅरी ईगल यांनी पुढे प्रयोगांतून दाखवले की पेनिसिलिनच्या बाबतीत पातळी किती उंच गेली यापेक्षा ती पुरेशी पातळी किती वेळ टिकली हे महत्त्वाचे. 'दर सहा तासांनी' अशा सूचनांमागे हे गणित आहे.

८/ क्षयाच्या दंडाणूवर मात्र पेनिसिलिन निष्प्रभ होते. त्याचे उत्तर मातीतून आले. अमेरिकेतील रटगर्स येथे सेल्मन वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत मातीतले सूक्ष्मजीव एकमेकांना कसे रोखतात याचा अभ्यास चालू होता. तिथल्या तळघरात काम करणारा २३ वर्षांचा संशोधक विद्यार्थी अल्बर्ट शॅट्झ याने ऑक्टोबर १९४३ मध्ये 'स्ट्रेप्टोमायसिस ग्रिसियस' या जीवाणूपासून नवे द्रव्य वेगळे केले. एक वाण भरपूर शेणखत घातलेल्या मातीतला होता, दुसरा कोंबडीच्या घशातून मिळालेला. जानेवारी १९४४ च्या शोधनिबंधावर शॅट्झ, एलिझाबेथ बुगी आणि वाक्समन अशी तीन नावे होती. १९५२ चे नोबेल एकट्या वाक्समन यांना मिळाले. सहसंशोधक म्हणून मान्यता मिळवण्यासाठी शॅट्झला न्यायालयात जावे लागले होते.

९/ स्ट्रेप्टोमायसिनचा घाव भिंतीवर नसतो, कारखान्यावर असतो. प्रत्येक पेशीत प्रथिने तयार करणारी सूक्ष्म यंत्रे असतात, त्यांना रायबोसोम म्हणतात. स्ट्रेप्टोमायसिन जीवाणूच्या रायबोसोमला चिकटते आणि त्याचे वाचन बिघडवते. आज्ञा एक असते, प्रथिन भलतेच बनते. सदोष प्रथिनांनी जीवाणूची व्यवस्था कोलमडते. माणसाचे रायबोसोम घडणीने वेगळे असल्याने बहुतेक वाचतात. या 'बहुतेक'कडे पुढे परत यावे लागेल.

१०/ मेयो क्लिनिकमधील विल्यम फेल्डमन आणि कॉर्विन हिन्शॉ यांनी १९४४ मध्ये गिनीपिगांवर हे औषध वापरले. क्षयाची लागण केलेले प्राणी वाचले. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये मिनेसोटातील एका आरोग्यधामात पहिल्या मानवी रुग्णावर उपचार सुरू झाले. बातमी जगभर पसरली आणि औषधासाठी आर्जवे येऊ लागली. पण किती द्यावे याचा ठाम आधार कोणाकडेही नव्हता.

११/ तो आधार ब्रिटनने उभा केला, तोही टंचाईतून. युद्धाने खंगलेल्या देशाकडे डॉलर नव्हते आणि औषध थोड्यांनाच पुरणार होते. मग निवड कशी करायची? सांख्यिकीतज्ज्ञ ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी ती बंद लिफाफ्यांतल्या यादृच्छिक क्रमावर सोपवली. १९४७ मध्ये सुरू झालेल्या या चाचणीत १०७ रुग्ण होते, वय १५ ते ३०, दोन्ही फुफ्फुसांत वेगाने पसरणारा क्षय. ५५ जणांना स्ट्रेप्टोमायसिन आणि विश्रांती, ५२ जणांना केवळ विश्रांती. त्या ५२ जणांना आपण एका तुलनेचा भाग आहोत हे सांगितलेही नव्हते. आज अशी चाचणी कोणतीही नीतिमत्ता समिती मंजूर करणार नाही. तरीही आधुनिक औषधचाचण्यांची परंपरा इथूनच मोजली जाते.

१२/ मात्रा ठरली ती अशी: रोज २ ग्रॅम, चार इंजेक्शनांत विभागून, दर सहा तासांनी, चार महिने. ऑक्टोबर १९४८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सहा महिन्यांअखेर औषध घेणाऱ्या ५५ पैकी ४ जण दगावले होते. केवळ विश्रांतीवर असलेल्या ५२ पैकी १४. क्ष-किरण चित्रांत ठळक सुधारणा पहिल्या गटात ५१ टक्के रुग्णांत दिसली, दुसऱ्या गटात ८ टक्क्यांत. मात्रा लागू पडली होती.

१३/ पण त्याच अहवालात आणखी एक आकडा आहे. ५५ पैकी ३६ रुग्णांना चक्कर येऊ लागली. औषध अंतर्कर्णातल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेवर आघात करत होते. क्षयाने मरणासन्न झालेल्या तरुणासाठी हा सौदा स्वीकारण्याजोगा होता. तरीही तो सौदाच होता, आणि तो मात्रेवर अवलंबून होता. औषध जितके अधिक आणि जितके दिवस, तितका कानाला धोका मोठा. मूत्रपिंडे दुबळी असतील तर औषध शरीरात साचते आणि तीच मात्रा अधिक विषारी ठरते.

१४/ कानच का? अंतर्कर्णात सूक्ष्म केशपेशी असतात. ध्वनीची आणि तोलाची जाणीव त्या मेंदूकडे पोहोचवतात. या गटातली औषधे त्या पेशींत शिरून साचतात. सस्तन प्राण्यांत या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. आणि इथे तो 'बहुतेक' येतो. माणसाच्या पेशीत तंतुकणिका नावाची ऊर्जाकेंद्रे असतात. त्यांचे रायबोसोम जीवाणूंच्या रायबोसोमशी जवळचे साम्य राखतात, कारण अब्जावधी वर्षांपूर्वी त्यांचे पूर्वज जीवाणूच होते. १९९३ मध्ये या तंतुकणिकांच्या जनुकद्रव्यात एक बदल सापडला. तो आईकडून वारशाने येतो आणि त्यामुळे हे साम्य आणखी वाढते. असा वारसा असलेल्यांना नेहमीच्या मात्रेनेही बहिरेपण येऊ शकते.

१५/ चक्कर टाळण्यासाठी रसायनतज्ज्ञांनी रेणूत फेरफार करून डायहायड्रोस्ट्रेप्टोमायसिन बनवले. तोलाचा त्रास कमी दिसला आणि ते अधिक सुरक्षित मानून वापरले गेले. मग कळले की हे रूप तोल सोडून श्रवणावर घाव घालते, आणि बहिरेपण कधीकधी उपचार थांबल्यानंतरही येते. चक्कर निदान ताबडतोब जाणवते, डॉक्टर औषध थांबवू शकतो. ही इजा लक्षात येईपर्यंत मात्र उशीर झालेला असे. सौम्य वाटणारा पर्याय अधिक घातक निघाला आणि माणसांच्या वापरातून तो मागे पडला.

१६/ १९४८ मध्ये स्कॉटलंडच्या हेअरमायर्स रुग्णालयात एक क्षयरोगी दाखल होता: बिहारमधील मोतिहारी येथे जन्मलेला एरिक ब्लेअर, म्हणजे लेखक जॉर्ज ऑर्वेल. ब्रिटनमध्ये औषध सहज मिळत नव्हते. मित्रांच्या ओळखींतून ते अमेरिकेहून मागवले गेले. थुंकीतले जंतू नाहीसे झाले, पण अंगावर लाल पुरळ उठले, तोंडात व्रण झाले, केस आणि नखे गळू लागली. सुमारे ५० दिवसांनी औषध बंद करावे लागले. उरलेला साठा दुसऱ्या रुग्णांच्या कामी आला. ऑर्वेलने त्याच वर्षाअखेर '१९८४' ही कादंबरी पुरी केली आणि २१ जानेवारी १९५० रोजी तो वारला. डॉक्टरांना त्या वेळी या औषधाचा सराव नव्हता, आणि ते सोसवत नसेल तर बदली द्यायला दुसरे काही हाताशी नव्हते.

१७/ ब्रिटिश चाचणीची कहाणी सहा महिन्यांवर थांबत नाही. पाच वर्षांनी त्याच रुग्णांची पुन्हा मोजणी झाली. औषध घेतलेल्या ५५ पैकी ३२ जण मरण पावले होते, न घेतलेल्या ५२ पैकी ३५. म्हणजे ५८ टक्के विरुद्ध ६७ टक्के. सहा महिन्यांनी डोळ्यांत भरणारी तफावत जवळजवळ विरून गेली होती. कारण पहिल्या अहवालातच नोंदलेले होते: तपासलेल्या ४१ रुग्णांपैकी ३५ जणांचे जंतू स्ट्रेप्टोमायसिनला जुमानेनासे झाले होते.

१८/ हे घडते कसे? औषध जंतूला प्रतिकार 'शिकवत' नाही. फुफ्फुसातल्या एका पोकळीत कोट्यवधी दंडाणू असतात. ढोबळमानाने दर दहा कोटींत एखादा असा निघतो की त्याचा रायबोसोम योगायोगाने जरा वेगळा असतो आणि स्ट्रेप्टोमायसिन त्याला चिकटत नाही. औषध बाकी सगळ्यांना मारते आणि या एकट्यासाठी रान मोकळे करते. काही आठवडे रुग्ण सुधारतो, मग त्या एकाची संतती भरते. मात्रा वाढवून उपयोग नसतो. जंतू वाचतो आणि कान जातो.

१९/ सुटका निघाली ती बेरजेतून नव्हे, गुणाकारातून. स्वीडनमध्ये यॉर्गेन लेमान यांनी पीएएस हे दुसरे औषध शोधले होते. दोन औषधे सोबत दिली तर दोन्हींना पुरून उरणारा दंडाणू सापडण्याची शक्यता अत्यल्प होते, कारण दोन दुर्मीळ योगायोग एकाच जंतूत जुळून यावे लागतात. पुढच्या ब्रिटिश चाचणीत या जोडीने प्रतिकाराचे प्रमाण झपाट्याने खाली आणले. १९५२ मध्ये आयसोनायझिड आले आणि तीन औषधांचा दीर्घ उपचार रूढ झाला. क्षयावर एकटे औषध द्यायचे नाही, हा नियम त्या पाच वर्षांच्या मृत्यूंतून शिकला गेला.

२०/ याच काळात मात्राही बदलली. पेनिसिलिनच्या सवयीने स्ट्रेप्टोमायसिन दिवसातून चार वेळा दिले जात होते. पण त्याचा स्वभाव उलटा निघाला. ते एकदम उंच पातळीवर गेले की अधिक प्रभावीपणे मारते आणि पातळी उतरल्यावरही जंतू काही काळ सावरत नाही. मधल्या काळात पातळी खाली गेली की कानाला आणि मूत्रपिंडांना थोडी उसंत मिळते. रोज २ ग्रॅमवरून मात्रा १ ग्रॅमवर आली, चार इंजेक्शनांचे एक झाले. त्रास घटला आणि जोडीच्या औषधामुळे परिणाम टिकला.

२१/ भारतात प्रश्न आणखी वेगळा होता: औषध आणायचे कोठून? १९५४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. १९५५ पासून तिथे पेनिसिलिन तयार होऊ लागले, पुढे स्ट्रेप्टोमायसिनही. आज पिंपरी-चिंचवड म्हटले की मोटारी आठवतात, पण या औद्योगिक नगरीच्या आरंभीच्या मोठ्या कारखान्यांत 'एचए' होता. ज्या औषधासाठी ऑर्वेलला मित्रांच्या ओळखी वापराव्या लागल्या, ते मावळच्या वेशीवर टाक्यांत तयार होत होते.

२२/ दुसरा प्रश्न खाटांचा होता. वर्ष-वर्ष आरोग्यधामात ठेवण्याइतक्या खाटा देशात नव्हत्या. १९५६ मध्ये मद्रासला एक संशोधन केंद्र सुरू झाले. वॉलेस फॉक्स यांच्या नेतृत्वाखाली १९३ रुग्णांची विभागणी करण्यात आली: काही आरोग्यधामात, काही आपल्याच दाटीवाटीच्या घरांत. दोघांनाही आयसोनायझिड आणि पीएएस एक वर्ष. १९५९ च्या निष्कर्षांनी जग चकित झाले. घरी राहिलेले जवळजवळ तितकेच बरे झाले आणि त्यांच्या कुटुंबीयांना अधिक धोका पोहोचला नाही. थंड हवा, पूर्ण विश्रांती, उत्तम आहार यांपेक्षा औषध नियमित पोटात जाणे निर्णायक होते.

२३/ मग नियमितपणा राखायचा कसा? मद्रासने पुढचा प्रयोग केला: आठवड्यातून दोनदा दवाखान्यात, डोळ्यांसमोर, स्ट्रेप्टोमायसिनचे इंजेक्शन आणि आयसोनायझिडची मोठी मात्रा. देखरेखीखालच्या उपचाराचे एक मूळ इथे आहे. तिथेच मात्रेचा आणखी एक पदर उलगडला. आयसोनायझिड काहींच्या शरीरात लवकर निकामी होते, काहींच्या हळू. हळू निकामी होणाऱ्यांत हातापायांच्या नसांना इजा होऊन मुंग्या येण्याचे प्रमाण अधिक आढळले आणि ब-६ जीवनसत्त्वाने ते टाळता आले. गोळी एकच, पण शरीरागणिक तिची मात्रा वेगळी.

२४/ हे ज्ञान कागदावर होते. १९९१ मध्ये धारावीतील खासगी डॉक्टरांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. क्षयावर काय द्याल, असे शंभरच्या आसपास डॉक्टरांना विचारले असता तब्बल ८० वेगवेगळ्या उपचारपद्धती लिहून मिळाल्या. २० वर्षांनी, २०११ च्या अखेरीस, मुंबईतल्या डॉक्टरांनी चाचणी केलेल्या कोणत्याच औषधाला न जुमानणाऱ्या क्षयाचे रुग्ण नोंदवले. त्याला काय नाव द्यावे यावर वाद झाला. पण अपुऱ्या मात्रा, एकेका औषधाची भर आणि अर्ध्यावर सुटलेले उपचार यांतून असा जंतू निवडला जातो, यात नवे काहीच नव्हते. १९४८ चा अहवाल हेच सांगत होता.

२५/ फ्लेमिंग यांनी डिसेंबर १९४५ च्या नोबेल व्याख्यानात अपुऱ्या मात्रेबद्दल सावध केले होते. त्यातून पुढे 'कोर्स पूर्ण करा' हा सरसकट मंत्र झाला. अलीकडच्या चाचण्यांनी त्यालाही छेद दिला आहे: कित्येक साध्या संसर्गांत कमी दिवसांचा उपचार पुरतो आणि विनाकारण लांबवलेले औषध शरीरातल्या इतर जीवाणूंत प्रतिकार वाढवते. क्षयाचे तसे नाही. तिथे संथ पडून राहिलेले दंडाणू संपवायला महिने लागतात. म्हणून किती दिवस, याचे उत्तर प्रत्येक रोगासाठी स्वतंत्रपणे मोजावे लागते. ते रोग्याच्या अंदाजाने ठरत नाही आणि म्हणींनीही ठरत नाही.

२६/ आज स्ट्रेप्टोमायसिन मागे पडले आहे. क्षयाचे उपचार बहुतांशी गोळ्यांवर आले आहेत आणि ते इंजेक्शन क्वचितच वापरले जाते. पण डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच्या 'दिवसातून एकदा', 'इतके मिलिग्रॅम', 'इतके महिने' या तीन ओळी अशाच ठरत आल्या आहेत. त्यांमागे ऑक्सफर्डमधली ती स्त्री आहे, औषध संपल्याने गेलेला शिपाई आहे, चक्कर येणारे ३६ जण आहेत, आणि ज्यांना काहीच न देता केवळ मोजले गेले ते ५२ तरुणही आहेत.

(थ्रेड समाप्त)